दवणवाडीच्या गाईंची फॅट

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार. लातूर

जनावरांच्या औषधाच्या कंपनीने केंद्राला दिलेली ही रोजनिशी कपाटात पडून होती. साडेदहा महिने कोरे आहेत. प्रयोगशाळेतल्या सिंधुताई म्हणाल्या, "ने. न्हाईतर तिच्यावर मी काचेची भांडी ठेविते." म्हणून आणली.

मी साक्षी भुजंग हनवते. ऑगस्टपासून इथल्या पशुसंशोधन केंद्रात संशोधन सहायक आहे. हदगाव तालुक्यातल्या आमच्या गावात पप्पा ग्रामपंचायतीच्या टाकीचं पाणी सोडतात आणि आई कापूस वेचायला जाते. घरात पदवीधर झालेली मी पहिली. पप्पांनी गावभर सांगितलंय की पोरगी शास्त्रज्ञ झाली. मी म्हणाले, पप्पा, शास्त्रज्ञ सर आहेत, मी सहायक आहे. ते म्हणाले, "सही ग्रामसेवक करतो, पाणी मी सोडतो. गाव कुणाला वळखतं?"

माझा विषय देवणी गाईच्या दुधातली फॅट. देवणी तालुक्यातली दवणवाडी, तिथली अकरा घरं, अकरा गाई. दर सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळचं सँपल. ३१ जानेवारीला माझ्या मुदतवाढीचं ठरेल. तोपर्यंत चांगलं काम दाखवायचं आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दवणवाडीत दिवे लागल्यावर घरातून दूध बाहेर देत नाहीत. कारण विचारलं तर "देत न्हाईत" एवढंच सांगतात. त्यामुळे पाच ते पावणेसहा एवढ्यात अकरा घरं उरकावी लागतात. मी पद्धत बसवली आहे. गेटपाशी उभं राहायचं, हाक मारायची, आतून पेल्यात दूध येतं, ते बाटलीत ओतायचं, दूध टिकवायची गोळी टाकायची, चिठ्ठी चिकटवायची, पुढचं घर. मी कुणाच्या ओसरीवर पाय ठेवत नाही. चाळीस मिनिटांत काम होतं.

माझ्याआधी शेजारच्या सांगवीची सँपलं सत्यम घ्यायचा. त्याला नोकरी लागली. तो म्हणे प्रत्येक घरी गोठ्यात बसून चहा प्यायचा आणि रोज तीनच घरं करायचा. याला काम म्हणत नाहीत.

आमचा जीपचालक हरिओम मात्र सत्यमच्या बाजूचा आहे. मी गेटवर असते तेव्हा तो आत कुणाच्या तरी दावणीवर बसलेला असतो. परतताना म्हणाला, "म्याडम, तुमी लाइटचं मीटर वाचणाऱ्यावानी करताव. आले, वाचलं, गेले."

"चांगलंच आहे की. मीटर वाचणारा चहा पीत बसला तर आकडा बदलतो का?"

"आकडा बदलत न्हाई. पर आपल्याला चहा मिळतो."

पहिल्या घरच्या साखराबाई मायाळू आहेत. आज माझ्यासाठी पेरू ठेवला होता, गेटाशेजारच्या भिंतीवर. "घे गं पोरी," म्हणाल्या आणि आत गेल्या. मी घेतला. गोड होता.

२७ नोव्हेंबर, बुधवार

तीन महिन्यांची सरासरी निघाली. दवणवाडी ५.६. सांगवीचे सत्यमचे जुने आकडे ४.१. जात तीच, चारा तोच, मध्ये फक्त एक ओढा.

डॉ. विरूपाक्ष धुळशेट्टे, म्हणजे माझे मार्गदर्शक सर, आकडे बघून खुर्चीतून उठले आणि खिडकीतून वळूच्या गोठ्याकडे बघत राहिले. दवणवाडीच्या बहुतेक गाई आमच्या केंद्राच्या एका जुन्या वळूच्या आहेत. वळूचं नाव बसवण्णा.

"रक्त," सर म्हणाले. "दुसरं काही नाही, साक्षी. रक्त बोलतंय."

सर फार सज्जन आहेत. वळूंबद्दल मात्र ते हळवे आहेत. मागे चौदा नंबरच्या वळूचं वीर्य तीन तपासण्यांत निकामी निघालं, तेव्हा त्यांनी शेऱ्यात लिहिलं, "विश्रांतीची गरज."

फॅट काढतात सिंधुताई. दूध, ॲसिड, नळी, ती फिरवायचं चक्र, सगळं त्यांच्या हातचं. त्यांनी दवणवाडीची नळी उजेडाकडे धरून म्हटलं, "हे शेवटच्या धारंचं दूध हाय बग. असं दाट निपटून काढल्याबिगर येत न्हाई."

मी त्यांना समजावलं की हा आनुवंशिक फरक आहे. त्या प्रशिक्षित नाहीत, म्हणून सोपं करून सांगितलं.

"बरं," म्हणाल्या.

३ डिसेंबर, मंगळवार

पुण्याच्या एका बाईंचा मेल आला. त्या समाजशास्त्राच्या आहेत. शास्त्रज्ञांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक पार्श्वभूमीचा त्यांच्या संशोधनावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करतात. केंद्रातल्या सात जणांकडून प्रश्नावली भरून हवी आहे. सरांनी काम मला दिलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे.

मला विषय पटला नाही. थर्मामीटरला धर्म नसतो. मी विज्ञानाकडे आले तीच या कारणाने. विहारात शिकवायला येणारे गुरुजी म्हणायचे, तपासून बघा आणि मग माना. ते मी लहानपणी पाटीवर लिहिलं होतं.

सिंधुताईंनी विचारलं, "मला न्हाई का फारम?"

"शास्त्रज्ञांसाठी आहे, ताई."

"बरं."

७ डिसेंबर, शनिवार. घरी

काल सहा डिसेंबर, म्हणून आले. नांदेडला गाडी बदलताना हदगावची बस डोळ्यांसमोर सुटली, तास गेला.

आईला कामाबद्दल सांगितलं. अकरा घरं, चाळीस मिनिटं. आईने एकच विचारलं, "घरात शिरत न्हाईस ना कुनाच्या?"

"नाही."

"न बलावता उंबरा वलांडायचा न्हाई. आपला मान आपून राखायचा. एकदा कुनी 'तिथंच थांब' म्हनलं ना, तर ते आयुष्यभर कानात ऱ्हातं. म्हनून आपूनच आधी थांबायचं."

आईला कोण, कधी, कुठं म्हणालं होतं, ते तिने सांगितलं नाही. मी म्हणाले, आई, तो वेळेचा प्रश्न आहे. चाळीस मिनिटांत अकरा घरं करायची असतात.

"हाव, तेच," आई म्हणाली.

१० डिसेंबर, मंगळवार

प्रश्नावल्या गोळा झाल्या. 'आपल्या पार्श्वभूमीचा आपल्या संशोधनावर परिणाम होतो का?' या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर 'नाही'.

सरांनी 'नाही'खाली दोन रेघा ओढल्या आणि मग बसवण्णाला बघायला गेले.

संख्याशास्त्राचे डॉ. उमाशंकर रत्नपारखी यांनी लिहिलं, "नाही. संख्येला जात नसते." ते कडक आहेत. एका बाटलीबद्दल शंका आली की त्या घरच्या सगळ्या बाटल्या बाद करतात, कारण शंका पसरते असं त्यांचं मत आहे. डबा आणि पाणी घरून आणतात. केंद्रातला चहा अकरा वर्षांत घेतलेला नाही.

मीही 'नाही' लिहिलं. 'कारण' या रकान्यात थोडी जागा होती, तिथे लिहिलं: "मी पद्धतीने काम करते."

१९ डिसेंबर, गुरुवार

नांदेडच्या परिषदेत आमचा निबंध स्वीकारला. १८ जानेवारीला वाचायचा. 'देवणी गाईच्या एका वंशावळीतील उच्च स्निग्धांश.' नावं: साक्षी हनवते, विरूपाक्ष धुळशेट्टे, उमाशंकर रत्नपारखी. माझं नाव पहिलं. सरांनी स्वतः तसं लिहिलं आणि वर म्हणाले, "बाटल्या तू उचलल्यास."

पप्पांना फोन केला. ते टाकीवर होते. म्हणाले, "थांब, कॉक बंद करतो, मग सांग." सगळं ऐकलं. कॉक परत चालू करायचं विसरले आणि खालची आळी ओरडायला लागली, ते मला फोनमध्येच ऐकू आलं.

३० डिसेंबर, सोमवार

आज येळवस, म्हणजे शेतात पूजा करून जेवायची वेळ अमावास्या. जिल्ह्याला सुट्टी. मी हरिओमला म्हणाले, गाईला सुट्टी नसते. तो म्हणाला, "गाईला नसू द्या, मला हाय." पण आला.

दवणवाडीत पाच वाजता एकाही घरात माणूस नव्हतं. कुलपं. सगळं गाव शेतात, गुरंढोरंसुद्धा. साखराबाईंचं शेत रस्त्याला लागून आहे. कडब्याच्या कोपीसमोर वीसेक माणसं बसली होती. साखराबाईंनी लांबूनच ओळखलं.

"ये गं! अशी ये, बांधावरनं!"

"मावशी, सँपल फक्त."

"सँपल कुटं पळून चाललंय का? आज शेतात आलेलं कुनी उपाशी माघारी जात न्हाई. बस खाली."

गेट नव्हतं. कुठे थांबायचं ते मला कळेना. शेवटी त्यांच्या सुनेने हाताला धरून बसवलं. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. साखराबाईंचे मालक शेषेराव सारखे म्हणत होते, "वाढा तिला, सायंटिस हाय ती, डोकं चालवायचं असतंय तिला." मी तीनदा आंबील घेतली.

मग त्यांनी गाय सोडून आणली. अंगावर काळे ठिपके असलेली शेवेरा, माझ्या यादीतली गाय क्रमांक १. तोपर्यंत मी तिला बघितलं नव्हतं. तिच्या दुधाच्या सत्तावीस बाटल्या बघितल्या होत्या.

साखराबाईंनी आधी वासरू सोडलं आणि कमरेवर हात ठेवून सुनेशी गप्पा मारत उभ्या राहिल्या. वासरू पितच होतं. एका सडावरून दुसऱ्यावर गेलं, ढुशा दिल्या, परत पहिल्यावर आलं.

मी विचारलं, "मावशी, किती वेळ पितं?"

"त्याचं पोट भरस्तोर."

"आणि तुम्ही?"

"उरलं त्ये आमचं. पयल्या धारा ज्याच्या त्याला. सासूनं तसं घातलंय शिकवून."

"तुमच्याच घरी असं?"

"सगळ्या वाडीत. मागं कवातरी कुनीतरी वासराआधी धार काढली, तर गायच आटली म्हनं. खरं खोटं देवाला ठावं. पर आमच्यात न्हाई काढत."

मग वासरू ओढून बांधलं आणि बसल्या धार काढायला. पेलाभर दूध निघालं. तेच माझं सँपल.

गाईच्या पहिल्या धारा पाण्यासारख्या पातळ असतात आणि शेवटच्या सायीसारख्या. हे मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकले आहे. परीक्षेत लिहिलंही आहे. पातळ वासरू पितं, दाट मी नेते.

साखराबाई म्हणाल्या, "बाटली धर की. अशी काय बघतीस?"

३१ डिसेंबर, मंगळवार

काही लिहावंसं वाटत नाही.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

रोजनिशी संपली, पण तिची जानेवारीची पानं कोरीच होती. तीच वापरते. वार खोडून नवे लिहावे लागतात.

सत्यमला फोन केला. सांगवीत आधी वासरू सोडतात की धार काढतात, ते विचारलं. म्हणाला, "आधी आपण धार काढायची, मग वासराला सोडायचं. मी समोरच बसलेला असायचो ना. का गं?"

"काही नाही."

मग फॉर्म काढले. दोनशे ब्याऐंशी. नवव्या रकान्यात प्रश्न आहे, "दोहन नमुना घेणाऱ्याच्या समक्ष व पूर्ण झाले का?" दोनशे ब्याऐंशी वेळा "होय". माझं अक्षर खरंच चांगलं आहे.

मी खोटं लिहिते आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं, हे इथे लिहून ठेवते. गेटवर उभं राहिल्यावर आतून धारेचा आवाज यायचा. मी तो समक्ष धरला.

३ जानेवारी, शुक्रवार

सिंधुताईंना सांगितलं. त्या नळ्या धूत होत्या.

"म्या म्हनलं व्हतं," त्या म्हणाल्या. बोलण्यात टोमणा नव्हता. पाणी बंद केलं आणि हात पुसले. "आता सायबाला सांगनार?"

"सांगावं लागेल."

"सांगितलं तर तुजं काय व्हईल?"

"निबंध जाईल. मुदतवाढ बहुतेक जाईल."

"न सांगितलं तर?"

"कुणाला कळणार नाही."

"मला कळलंय की," सिंधुताई म्हणाल्या आणि नळ परत सोडला.

६ जानेवारी, सोमवार

सरांना सांगितलं. उभ्यानेच. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"पण तू आत का गेली नाहीस?"

"बोलावलं नाही, सर."

"बोलवायला काय लग्न आहे का? गोठा आहे. जायचं सरळ. मी तर कुठल्याही गोठ्यात जातो, अजून कुणी अडवलं नाही."

ते खरंच विचारत होते. त्यांच्या चेहऱ्यावर फक्त आश्चर्य होतं.

मग सरांनी रत्नपारखी सरांना बोलावलं. ते म्हणाले, "नववा रकाना संशयित म्हणजे सगळंच बाद. दोनशे ब्याऐंशी. तळटीप टाकून भागणार नाही." आणि खुर्ची जरा मागे घेतली.

ते गेल्यावर सरांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. मग म्हणाले, "रक्ताचा काहीच भाग नसेल असं तर सिद्ध होत नाही ना?"

"नाही सर. काहीच सिद्ध होत नाही."

"परिषदेतून निबंध काढायचा असेल तर पत्र तू लिही. पहिलं नाव तुझं आहे. मी तुला काढ म्हणणार नाही. ठेव असंही म्हणणार नाही."

सर फार सज्जन आहेत, असं मी मागे लिहिलं आहे. आज त्याचा मला काही उपयोग झाला नाही.

८ जानेवारी, बुधवार

दोन दिवस पत्राचे मसुदे केले. पहिल्यात 'तांत्रिक कारणास्तव' लिहिलं. ते खोडलं. दुसऱ्यात 'स्थानिक प्रथेमुळे' लिहिलं. तेही खोडलं, कारण वासरू आधी पितं ही त्यांची प्रथा, पण ती मला माहीत नव्हती, हे कुणामुळे? तिसऱ्यात लिहिलं: "नमुने घेताना मी दोहनाच्या ठिकाणी उपस्थित नव्हते. निष्कर्ष मागे घेत आहे." पाठवलं.

पप्पांना फोन करायचा आहे. उद्या करीन.

९ जानेवारी, गुरुवार

पुण्याच्या बाईंचा मेल. आमच्या केंद्राचा गोषवारा: "सातपैकी सात शास्त्रज्ञांच्या मते परिणाम नाही." आभार मानले आहेत आणि लातूरचे प्रतिसाद विशेष स्पष्ट असल्याचं म्हटलं आहे. फाइलला लावला.

सरांनी बोलावलं. जीपच्या मंजुरीचा कागद पुढे सरकवला. "एका संध्याकाळी एक गाय. पहिल्या धारेपासून, तुझ्या समक्ष. अकराच्या अकरा, ३१ तारखेच्या आत. तरच मुदतवाढीच्या कागदावर मला काहीतरी लिहिता येईल. उमाशंकर दहा गाई धरणार नाही, हे तुला माहीत आहे."

पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आता कोन पानी सोडतंय?"

"मीच, पप्पा. फक्त पहिल्यापासून."

"सोड मग," म्हणाले.

१० जानेवारी, शुक्रवार

गाय क्रमांक १. साखराबाईंच्या गेटवर पोचले आणि पाय थांबले. पायांना सवय आहे. तिथूनच विचारलं, "मावशी, धार काढताना मी आत येऊ का?"

साखराबाई आतून म्हणाल्या, "ये की! कोन नको म्हनलं तुला? तूच कदी आली न्हाईस."

हे खरं असेल. भिंतीवरचा पेरूही खरा आहे. मी दोन्ही लिहून ठेवते. कोणतं जास्त खरं, ते मला मोजता येत नाही.

वासराआधी धार काढायला त्या तयार होईनात. मी म्हणाले की मला पहिल्या धारेपासून हवं. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "मंग वाटनी कर. दोन सड त्याला, दोन तुला. एकाच टायमाला. गाय बी गप, वासरू बी गप, सायंटिस बी गप." पाच महिने निबंधावरच्या आम्ही तिघा जणांनी जे करायला हवं होतं ते त्यांनी शेणाच्या पाटीवर बसून सुचवलं. फॅट ४.२.

२३ जानेवारी, गुरुवार

दहा गाई झाल्या. काही घरी सरळ आत घेतलं. एका घरी म्हातारीने माझं गाव विचारलं, मग आडनाव, आणि मग म्हणाली, "बरं, ये. पर चुलीकडनं नको, मागल्या दारानं ये." मी मागच्या दाराने गेले. गाय तिथेच होती. फॅट ४.०.

सरासरी ४.२ येते आहे. सांगवीसारखीच. सर म्हणाले, "वाईट नाही," आणि खिडकीकडे बघितलं नाही.

फक्त क्रमांक ७ राहिली आहे. व्यंकटीमामांची.

२७ जानेवारी, सोमवार

क्रमांक ७. पांढरीशुभ्र, बाळंक्या. व्यंकटीमामा ओसरीवरून उठून गेटपर्यंत आले. हात जोडलेलेच होते.

"या ताई, या. थांबा, थांबा, तुमी कशाला त्या घानीत आत येताव? मी गाईलाच भायेर आनतो की!"

"मला चालेल मामा, मी येते आत."

"न्हाई न्हाई. कपडे घान व्हतील तुमचे. आनि गाय लई बुजती वो, नव्या मानसाला."

त्यांच्या मागे गोठ्याचं दार उघडं होतं. आत दावणीवर हरिओम बसला होता. त्याने मला बघितलं आणि बशी खाली ठेवली.

गाय गल्लीत आणली. विजेच्या खांबाला बांधली. वासरू आणलं. दोन दुचाक्या गेल्या, एक ट्रॅक्टर गेला. सरजाबाई, म्हणजे व्यंकटीमामांच्या मालकीण, धारेला बसल्या. अर्धा तास झाला. गाईने पान्हा चोरला तो चोरलाच. थेंब नाही. वासरूसुद्धा कंटाळून बाजूला झालं.

सरजाबाई मालकांना म्हणाल्या, "म्या म्हनलं व्हतं. गल्लीत काय गाय पिळत्यात व्हय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं.

दिवे लागायला आले होते. व्यंकटीमामा म्हणाले, "ताई, असं करू. मी आत निऊन काढतो आनि पेला आनून देतो. दोन सडाचं, पयल्या धारंपासून, तुमी सांगितलं तसंच. मी काय फसवीन का? तुमी हितंच तर हाव. लिव्हून टाका."

ते फसवणार नाहीत, याची मला खात्री होती. माझी बाटली उघडी होती. अकरावी बाटली. तो पेला घेतला असता तर रत्नपारखी सरांचे अकरा पूर्ण झाले असते, आणि आतून धारेचा आवाजही आला असता.

मी बाटलीला झाकण लावलं. "नको मामा."

"रागावू नगा."

"नाही."

रागावले होते का, ते मला अजून कळलेलं नाही. परतताना उदगीर मागे पडलं. तेव्हा हरिओम म्हणाला, "म्याडम, मी उठायला पायजे व्हतं का?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

"बशी तर ठिवली मी खाली," तो म्हणाला.

२८ जानेवारी, मंगळवार

फॉर्म भरून सरांकडे नेला. गाय क्रमांक ७. दूध: शून्य. दहाव्या रकान्यात कारण विचारलं आहे. छापलेले पर्याय तीन: आजार, माज, वासरू मृत. चौथा 'इतर'. मी 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, "गाय गल्लीत आणून दोहनाचा प्रयत्न. मला गोठ्यात येऊ दिले नाही. चालक गोठ्यात होता."

सरांनी वाचलं. परत वाचलं.

"हे असं गेलं तर दहाच गाई राहतात."

"हो सर."

"गाय बुजली, एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. तेही खरंच आहे."

"ती चालकाला बुजली नाही, सर."

सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन हातात धरून बसून राहिले. वळूच्या गोठ्यातून हंबरण्याचा आवाज आला. त्यांनी मान वळवली नाही.

"व्यंकटीच्या गोठ्यात," ते हळू म्हणाले, "ऑगस्टमध्ये ही गाय व्याली तेव्हा मी खरवस खाल्ला होता. पाटावर बसवलं होतं मला. गाईच्या पाठीवरून हात फिरवत होतो. पहिल्यांदाच गेलो होतो मी त्या घरी." मग माझ्याकडे बघितलं. "ती बुजली नव्हती."

मी विचारलं, "तेही लिहू का, सर?"

मला वाटलं ते फॉर्म परत देतील.

"लिही," सर म्हणाले.

रकान्यात जागा उरली नव्हती. फॉर्म उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहिलं. सरांनी सहीही मागेच केली.